न खणलेली पट्टी

सनद, बहारीन, शुक्रवार, १२ डिसेंबर

लेकीला, रेवाला, आज ठणकावणार होतो, पुरातत्त्वाचं खूळ सोड, कॉमर्सला जा. म्हणून ती सुट्टीला ज्या उत्खननावर मदत करते, तिथेच गेलो. इथल्या मंडळातला हौशी वक्ता मी; वाटेत भाषणाची उजळणी चालली होती. गाडी चालवणारे गफूरभाई, आमचे शेजारच्या तुबली गावातले रत्नागिरीकर स्नेही, म्हणाले, "भाऊ, तिथली वस्ती दोन हजार वर्षांपूर्वीच मेली. टाळ्या नाय मिळायच्या."

रोमशी व्यापार करणारं गाव ते. रेवाने रोमन बाटलीचा हिरवट तुकडा दाखवला. माझं लक्ष मात्र शेजारच्या न खणलेल्या पट्टीकडे. अशी काच निघते आणि ही जागा तशीच?

"कंटाळलात की काय?" मी विचारलं.

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर अडखळत मराठीत म्हणाली, "नाही बाबा, मुद्दाम ठेवतात. खणताना आपण मोडतो पण. नंतर येतील त्यांच्याकडे आणखी चांगली साधनं असतील. त्यांच्यासाठी पण काहीतरी राहायला पाहिजे ना?"

व्यासपीठावर कुणासाठी एक वाक्य तरी कधी शिल्लक ठेवलंय मी? आणि आज तर तिचं आयुष्यच तळापर्यंत खणायला निघालो होतो.

परतताना गफूरभाईंनी विचारलं, "भाषण?"

"खलास."

खूप हसले.

ती पट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. रेवा तिच्या वाटेने जाईल, ठरलं. सकाळी एवढंच विचारायचं, पुढच्या शुक्रवारी मलाही नेशील? मातीची घमेली उचलीन. तोंड बंद ठेवून, इंशाल्ला.