गोठ्यातला हीट पंप

प्रिय सोमनाथ,

सत्तर हजारांचं धूड गोठ्यात बसवून तू पुण्याला पळालास, आता निस्तरायचं कुणी? फोन केला की म्हणतोस, "आई, मीटिंगमधी हाय." म्हणून कागद लिहितेय. कागदाला मीटिंग नसती.

तू म्हणालास, ह्यो हीट पंप हवेतली ऊब घेतो अन् पाणी तापवतो, बिल गिझरच्या पाव. बरं. हिर्डोशीत हवेला एवढी ऊब असती तर आमी घोंगडी कशाला पांघरली असती? तुझा तो फिटर इंद्रजित म्हणाला, न्हाणीपाशी पावसाचं पाणी लागंल. तुझे आज्जा म्हणाले, मग गोठ्यात बसव, तिथं कोरडं अन् उबदार. फिटर खूश, तू बी मान हलवलीस. एवढा शिकलास, पर ऊब घेतली की मागं काय उरंल, एवढं सुचलं न्हाई व्हय? मशीन गार वारा सोडतंय थेट म्हशीच्या पाठीवर. पंधरा दिवसांचं रेडकू कुडकुडतंय, त्याला पोत्यात गुंडाळून ठेवलंय. म्हशीनं पान्हा चोरला. म्हणजे म्हशीच्या अंगची ऊब काढून आज्जांची आंघोळ! तेवढ्या पैशात दुसरी म्हैस आली असती, तिनं दूध तरी दिलं असतं.

अन् ते बी लाईट असली तर. हितं पावसात लाईट दोन-दोन दिवस तोंड दावत न्हाई, आली तर काजव्याएवढी. मशीन कसलासा आकडा दावतं, पिकपिक करतं अन् गप बसतं. इंद्रजित फोनवर म्हणतो, स्टॅबिलायझर घ्या, आणखी आठ हजार. तांब्याचा बंब तर तू त्याच टेम्पोतनं भंगारात घातलास. लई शहाणा.

आठ दिवस झाले, शेजारची सखूबाई घागरभर ऊन पाणी आणून देती. घागर टेकवताना रोज इचारती, "मशीन झोपलं का गं अजून?" आज्जांच्या गुडघ्यांपायी ऐकून घेते. तिला सांगितलंय, आमची लाकडं वली हायत. माळ्यावर रचलेली सुकी लाकडं तिला दिसत्यात, तरी दुसऱ्या दिशी घागर घिऊन येती.

आता लिहितेय ते आज्जांना कळू देऊ नकोस. गेल्या महिन्यात मी एकटीच भोरला दवाखान्यात गेले हुते. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला अन् म्हणाला, चुलीचा धूर बंद, एक दिवस बी चालायचा न्हाई. गॅसवर भाकऱ्या निभत्यात, आंघोळीचं पाणी ठेवलं तर टाकी पंधरा दिवस पुरत न्हाई. तवा तुझं ते धूड मला पायजेच हाय, पर चालणारं. गोठ्यातनं काढून पडवीत बसव, स्टॅबिलायझर आण, फिटरला मानगूट धरून संगं आण. कोण येतंय अन् कवा, ते शुक्रवारच्या आत कळव. न्हाई कळवलंस तर शनिवारी सकाळी मी चूल पेटवणार.

तुझीच,
आई