बाबांच्या पाटीवरचे सोळा चौकोन

३ फेब्रुवारी

आज चौकटसरांचं लेक्चर. विषय — रिकामी जागा. सरांना जगातली प्रत्येक गोष्ट चौकोनात बसलेली आवडते म्हणून हे नाव, कुणी ठेवलं माहीत नाही. "काय ठेवायचं ते कुणालाही कळतं. काय काढायचं ते कळलं की तुम्ही डिझायनर." फळ्यावर एक चौकोन काढला, अर्धा पुसला, हात झटकले. वर्ग गार. मीही गार. कात्री कानात म्हणाली, "सरांच्या घरी बहुतेक फर्निचरच नसणार." कात्री म्हणजे माझी रूममेट. कागद कापते तशीच बोलते.

लेक्चरनंतर सरांना माझं प्रोजेक्ट सांगितलं. बाबांची पाटी. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांना बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. उजवा हात गेला. डावा चालतो पण थरथरतो. म्हणून चित्रांची पाटी — पाणी, चहा, रेडिओ, खिडकी, चादर. बाबा बोट ठेवतील, आईला कळेल.

सर खुर्चीतून उठले. "हे आपल्या वार्षिक प्रदर्शनात मधल्या भिंतीवर हवं."

मधली भिंत! अख्ख्या वर्गाचा तिच्यावर डोळा आहे. इतका आनंद झाला, इतका, की जिन्यावरून उतरताना लक्षात आलं — बाबांना बोलता येत नाही ही गोष्ट मी आज हसत हसत सांगितली.

६ फेब्रुवारी

दिवसभर चिन्हं बघत हिंडले. औषधाच्या दुकानावरचं. जिन्याखालचं आगीचं. बसस्टॉपवर जाहिरातींचे थर — एका बाईचा गाल फाटलाय आणि आतून कुणाचा तरी बूट डोकावतोय. तिथे बराच वेळ थांबले, बस सोडली. पुढे एका बंद दुकानाचं शटर. वरचा निळा उडून खालचा मळका गुलाबी दिसायला लागलेला. त्याचा फोटो काढला आणि पाटीचे रंग तिथेच ठरले. दोन्ही शांत. कुठलाच रंग अंगावर येत नाही.

आईला फोन करायचा राहिला.

९ फेब्रुवारी

खुर्च्यांचं प्रदर्शन बघायला नेलं होतं. पांढऱ्या चौथऱ्यांवर शंभर वर्षांच्या खुर्च्या आणि प्रत्येकीपुढे पाटी — कृपया बसू नये. कात्री म्हणाली, "खुर्चीचा याहून मोठा अपमान काय करणार?" मला मात्र एक खुर्ची सोडवेना. तिचा एकच हात झिजलेला होता, डावा. कुणीतरी जन्मभर एकाच बाजूला रेलून बसलं असणार. माणूस कुठेच नाही आणि तरी त्याचा सगळा भार दिसतोय. असं काहीतरी करायचंय मला.

तेवढ्यात आईचा फोन. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. बाहेर येऊन केला तर — बाबांनी ताट ढकललं, सगळं अंगावर सांडलं. "चिडलेत. कशावरून तेच कळेना." मी म्हटलं, आई, मी प्रदर्शनात होते गं. ती म्हणाली, "बरं बाई. बघ तू."

बघ तू. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं.

१२ फेब्रुवारी

सोळा चौकोन. चार आडवे, चार उभे. पंधरा चित्रं जमली, 'नको' जमेना. तळहात काढला तर ट्रॅफिक हवालदार वाटतो. मान फिरवलेला माणूस काढला तर रुसलेला नवरदेव. शेवटी लाल फुली. ती बरोबर दिसते, पण मग बाकीचं काही दिसतच नाही. सर मागे येऊन उभे राहिले. "बाकीचे पंधरा बोलतायत. हा ओरडतोय."

खरंच ओरडत होता. काढला. त्या जागी झाड टाकलं. सगळ्यात सुंदर झालंय झाड. सरांना म्हटलं, बाबांना झाडं आवडतात.

आवडतात का? माहीत नाही. बाबांना लिफ्ट आवडतात.

१४ फेब्रुवारी

घरी. बाबा पाटी वापरतानाचा व्हिडिओ काढायला.

बाबांचं आयुष्य लिफ्ट तपासण्यात गेलं. लहानपणी कुठेही जायचं म्हणजे ते आधी लिफ्टचा आवाज ऐकणार, दाराला हात लावणार, आणि म्हणणार — जिन्याने. लग्नाला जिन्याने, दवाखान्यात जिन्याने. आई म्हणायची, "तुमच्या बाबांबरोबर स्वर्गातसुद्धा चालतच जावं लागेल." आता ते पलंगावर. डोक्यामागे दोन उशा. मी पाटी मांडीवर ठेवली. आई म्हणाली, "दिसायला छान आहे हो."

चहा हवा? मान हलली. रेडिओ? हलली. खिडकी उघडू? हलली. त्यांचे बोलण्याचे व्यायाम घ्यायला येतात त्या बाईंनी आधीच सांगितलंय — मानेवर जाऊ नका, ती आपोआप हलते, बोट काय म्हणतं ते बघा. पण बोट काही म्हणेना. पाटीवर नुसतं फिरत राहिलं. वर, खाली, कडेला. खिडकीतला उजेड चालला होता. मला तो उजेड हवा होता.

मी कॅमेरा स्टँडवर लावला. चौकटीच्या बाहेर बसले. बाबांचं मनगट खालून धरलं आणि बोट 'पाणी'वर नेलं.

आई पेला घेऊन आली. बाबांच्या ओठांना लावला. मी म्हणाले, "अरे वा, बाबा!"

मनगट किती बारीक झालंय.

१८ फेब्रुवारी

वर्गात दाखवला. टाळ्या. चौकटसर म्हणाले, "बघा, इथे कुणी कुणावर उपकार करत नाहीये. माणूस स्वतःचं स्वतः मागतोय." एका हॉस्पिटलच्या डॉक्टर पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांच्याकडे वॉर्डभर असे पेशंट आहेत. "आम्हाला द्या ही पाटी, छापून घेतो. प्रत्येक पलंगाला एक." मी थँक यू म्हटलं. दोनदा म्हटलं.

रूमवर आल्यावर कात्रीने विचारलं, "बाबांच्या मनगटाखाली ते काय आहे?"

"चादरीची घडी."

"हं," म्हणाली, आणि कापत बसली.

१९ फेब्रुवारी

चादरीच्या घडीला नखं नसतात. तिला दिसलीच असणार.

२३ फेब्रुवारी

प्रदर्शनात भिंतीवर व्हिडिओ सारखा फिरत राहणार, म्हणून कापायला बसले. कापायचं म्हणून पुढचंही बघितलं. आवाज बंद ठेवून. आजपर्यंत पेला ओठाला लागला की तिथे थांबवत होते.

पुढे असं आहे. बाबा तोंड फिरवतात. आई पेला पुन्हा लावते. बाबा कोपराने ढकलतात. पाणी कॉलरवर सांडतं. आई पदराने पुसते, काहीतरी म्हणते. माझा खांदा चौकटीत येतो आणि जातो. मग दोघी उठतो, कॅमेरा तसाच चालू. बाबा एकटे.

बोट पाटीवर येतं. कुणी धरलेलं नाही. पहिल्या चौकोनावर थांबतं. पुढे जातं. थांबतं. दुसरी ओळ. तिसरी. प्रत्येक चित्राशी थांबतंय. झाडापाशी येतं. तिथे बराच वेळ. मग पाटीच्या कडेवरून उतरतं, चादरीवर दोनदा आपटतं, आणि पुन्हा पहिल्या चौकोनावर.

ह्याला मी थरथर म्हणत होते.

बाबा शोधत होते. सगळी पाटी वाचत होते आणि त्यांना हवं ते त्यात नव्हतं. कारण ते ओरडतं. कारण ते शटरच्या निळ्याशी जात नाही. जन्मभर ज्या माणसाने बिल्डरांच्या तोंडावर सांगितलं की नाही, ही लिफ्ट चालणार नाही, बंद करा — त्याला मी अशी पाटी दिली की ज्यावर फक्त हवं म्हणता येतं. पाटी नव्हती तेव्हा ताट ढकललं, तेही 'नको'च होतं. आम्ही म्हणालो चिडलेत.

आणि आता ती वॉर्डभर जाणार.

जेवले नाही. हे पण लिहिताना वाटतंय की दिसायला चांगलं वाटावं म्हणून लिहितेय. लाज वाटते.

२४ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. आधी फक्त फुलीचं. "पहिल्या आवृत्तीत असं होतं गं. पुढच्या वेळी घाल." मग मनगटाचं सांगितलं.

सरांनी टेबलावरचा एक कागद टेबलाच्या कडेला समांतर केला. पुन्हा केला. मग म्हणाले, "ती फुली काढायला मीच लावली तुला."

मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी अपराधात वाटा घेतला आणि माझा वाटा काही कमी झाला नाही. अपराध भाकरीसारखा नसतो, मोडला की दोन्ही तुकडे अख्खेच.

व्हिडिओ काढून टाकायचं ठरलं. "पण मग भिंतीपाशी तू स्वतः उभी राहायचं. परीक्षक विचारतील, सगळं सांगायचं. मनगटासकट. तू नसलीस तर मधली भिंत दुसऱ्याला जाईल, ते माझ्या हातात नाही." उद्घाटन १ तारखेला.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "छापायला दिलं नाही अजून. फुली घालून पाठवा." बस्स, एवढंच. मला शिक्षा करायला कुणाला वेळच नाहीये.

२६ फेब्रुवारी

घरी आले. झाडावर कागद चिकटवला आणि ब्रशने लाल फुली काढली. जाड, वाकडी, ओघळ आलेली. आजवर काढलेली सगळ्यात कुरूप गोष्ट. तिचा फोटो कात्रीला पाठवला, भिंतीवरची प्रत छापायला; डॉक्टरांनाही पाठवला. आईला सगळं सांगितलं. ती बाबांच्या गोळ्या कुटत होती. "तू मनगट धरलंस ते मी बघितलं होतं," म्हणाली. "मीही पाणी पाजलंच ना." आणि थोड्या वेळाने, फुलीकडे बघत — "वरातीमागून घोडं."

बाबांनी पाटीकडे बघितलंच नाही. दिवसभर खिडकीकडे तोंड.

२७ फेब्रुवारी

सकाळी सूप. बाबांचं बोट उठलं, फिरलं, फुलीवर उतरलं.

आईने पेला मागे घेतला. बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग बांधच फुटला. रेडिओ — नको. जाड चादर — नको. दाढी — नको. दुपारी आत्या आली, पलंगापाशी खुर्ची ओढली, बसायच्या आत बोट फुलीवर. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आल्या आल्या नको? वाचा गेली, पण मेल्याची खोड नाही गेली." आई इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. बाबांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. आत्या बसलीच. "बोट झिजव तुझं, मी चहा घेतल्याशिवाय जात नाही."

मी पण हसले. आणि हसता हसता मोजायला लागले — असे किती नकार ह्या पलंगावर साचून राहिले होते, आणि आम्ही त्यांना चमच्याने भरवत होतो.

आत्या गेल्यावर बाबांपाशी बसले. म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी तुमचा हात धरून बोट ठेवलं. तुम्हाला पाणी नको होतं. मला व्हिडिओ हवा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. पाटी मांडीवरच होती. कुठल्याच चौकोनावर बोट ठेवलं नाही.

बरोबरच आहे.

२८ फेब्रुवारी

कात्रीचा मेसेज: भिंतीवर तुझी पाटी लावली. फुली दारातूनच दिसते. भयंकर आहे. छान आहे.

उद्या सकाळच्या गाडीने निघायचं. परीक्षकांना काय सांगायचं ते आईसमोर म्हणून बघितलं. ती म्हणाली, "एवढं रडकं नको सांगूस. चूक झाली म्हण आणि सरळ उभी राहा." बाबा झोपले होते. की डोळे मिटून पडले होते. माझ्याशी त्यांना काही बोलायचं नाहीये आणि तो त्यांचा हक्क आहे, हे मी स्वतःला समजावतेय. काल तेवढं बघितलं, त्यानंतर माझ्याकडे नीट बघितलेलंही नाही.

१ मार्च

निघाले. बॅग खांद्याला लावली. बाबांचं बोट फुलीवर.

मला वाटलं ऊन लागतंय. पडदा ओढला. बोट तिथेच. उशी सरकवली. तिथेच. आई दारातून म्हणाली, "गाडी चुकेल तुझी." बोटाने पाटीवर टकटक केली — जोरात.

बॅग खाली ठेवली. बोट उठलं.