बापाच्या तोंडून

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची! मोताळ्यापासून काळीपिवळी जीपमध्ये चेंगरून धामणगाव बढे, तिथून पेशंटच्या मुलाच्या, अविनाशच्या मोटरसायकलवर मळ्यातलं घर. गावापासून दीडेक किलोमीटर, दोन्हीकडे कापूस फुटलेला. सोजराबाईंनी आधी चहा दिला, मग नाव विचारलं. नाशिकची पोरगी म्हटल्यावर ठेच्यात मिरच्या कमी घातल्या, तरी डोळ्यांतून पाणी आलंच. त्या खूप हसल्या.

वाचा-उपचाराची ही माझी एकटीची पहिली केस. इंद्रभान, वय त्र्याहत्तर. विसरण्याच्या आजारात त्यांची भाषा आधी गेली. चालतात, माणसं ओळखतात, पण शब्द सापडत नाहीत. सोजराबाई त्यांची दुसरी बायको, आणि अविनाशची सख्खी मावशी. अविनाश दोन वर्षांचा असताना त्याची आई कलाबाई घर सोडून गेली. तेव्हा इथंच राहणाऱ्या धाकट्या बहिणीनं मग बाळही सांभाळलं आणि संसारही. तो तिला अजून मावशीच म्हणतो, पण ताट तिनं वाढल्याशिवाय जेवत नाही.

माझी खोली मागच्या बाजूला. खिडकीतून गोठा दिसतो. छान वाटतंय इथं.

१९ नोव्हेंबर

पहिला दिवस. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, हे तिघांना नीट समजावलं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रबरी पट्ट्यानं डोक्याला बांधायचे, सेलवरच्या डबीतून अगदी हलकी वीज सोडायची, वीस मिनिटं. मुंग्या येतात, बस. त्याच वेळी चित्रांची कार्डं दाखवायची आणि नावं म्हणून घ्यायची. आजार बरा होत नाही, काही शब्द परततात, तेही परतले तर, असं मला शिकवणाऱ्या बुलढाण्याच्या सरांनी बजावलंय.

आजोबांनी बैलाला ‘ते’ म्हटलं. घागरीला ‘ते’. सोजराबाई पदरानं त्यांची लाळ पुसत होत्या. इतक्या मायेनं पुसतात.

२४ नोव्हेंबर

बैल! पाणी! खाट! अविनाशनं आपलं कृषी केंद्राचं दुकान बंद ठेवून पेढे आणले. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, माही माय कुठं गेली, हे बाप्पूच्या तोंडून निघन का? मले तेवढंच पाह्यजे.” आईचा फोटो कार्डांत ठेवा म्हणाला. मी हो म्हटलं.

सोजराबाईंनी पेढा घेतला नाही.

२७ नोव्हेंबर

फोटो दाखवला. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि स्पष्ट म्हणाले, “कला.” मग स्वतःच्याच तोंडावर मुठीनं मारायला लागले. ओठ फुटला. दोघांनी हात धरले तरी आवरेनात.

रात्रीच्या भाकरी थापताना सोजराबाई मान वर न करता म्हणाल्या, “गेलं ते गेलं ना बाई. काऊन उकरून राह्यली तू?”

२९ नोव्हेंबर

पट्टा बांधून चार मिनिटं झाली आणि आजोबा ओरडायला लागले. वीज वाढली असं वाटून मी डबी बंद केली. ओरडणं थांबेना. स्पंज काढला तर खाली कातडी सोलून निघालेली, केस स्पंजाला चिकटून आले. माझीही बोटं बुळबुळीत होऊन चरचरत होती. बाटलीत मिठाचं पाणी नव्हतं. मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा होता.

बाटली मीच भरली होती. काल रात्री, मिठानंच. मला पक्कं आठवतंय.

अविनाशनं माझी कॉलर धरली, मग सोडली. मोताळ्याच्या दवाखान्यात पट्टी झाली. सरांनी मशीन बंद करायला सांगितलं. सोजराबाई जखमेवर फुंकर घालत होत्या. डोळे कोरडे.

३ डिसेंबर

मी परत जाते म्हटलं. अविनाश म्हणाला, मशीन नको, पण कार्डं तरी चालू द्या. चार दिवस. बापाला शब्द सापडतायत, ते थांबले तर पुन्हा नाही सापडणार.

खरं आहे ते. म्हणून राहिले.

४ डिसेंबर

सोजराबाई बाजाराला गेल्या होत्या. आजोबांनी कार्डं ढकलून दिली. एकेक शब्द, मध्ये लांबच लांब श्वास.

कला. सोजरा. मुसळ.

दोन्ही हात वर नेले आणि खाली आणले. वर नेले, खाली आणले. पाच वेळा, सहा वेळा. मग, पेव. मग छातीवर हात — “मी... दगड.”

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेलं खोल कोठार, अविनाशनं सांगितलं. गोठ्यामागं एक आहे. त्याच्या जन्माआधीपासून वापरात नाही असं मावशी सांगते. वर दगड, दगडावर कडब्याची गंजी.

अविनाश हे सांगत होता आणि दारात सोजराबाई उभ्या होत्या. पिशवी खाली ठेवली नव्हती. कधीच्या आल्या होत्या, माहीत नाही.

५ डिसेंबर, सकाळचे अकरा

मजूर सगळे कापूस वेचायला, सोजराबाई घरात दिसत नाहीत. अविनाशनं गंजी बाजूला करून पहारीनं दगड सरकवला. पोलिसांना बोलव म्हटलं. म्हणाला, आधी खात्री, तुम्ही खोलीतच थांबा. आतली कोंदलेली हवा जायला तासभर पेवाचं तोंड उघडं ठेवून मग शिडी लावून उतरला. खिडकीतून दिसतंय —

खालून त्याचा आवाज आला. बांगड्या आहेत, मॅडम. हिरव्या. मग नुसतं रडणं. सोजराबाई काठावर आल्या. शिडी वर ओढून घेतली. पहार दगडाखाली घातली. बाळा, बाळा म्हणत दगड लोटत होत्या.

मी धावले. दाराला बाहेरून कडी.

साडेअकरा

फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला. खिडकीचे गज हलत नाहीत. ओरडून घसा बसला. शेतातलं कोणी —

त्या दाराशी येऊन बोलल्या. अगदी हळू. “पोटच्यावानी वाढवलं मी त्याले. आता मायजवळ निजला. निजू दे.” “कलानं मले घरातून हाकललं होतं,” म्हणाल्या. “बाळ सोडून कुठं जाणार होती मी?”

पावलं आजोबांच्या खोलीकडे गेली.

आजोबा बोलतायत. सोजरा. सोजरा. नको. नको हा शब्द मी त्यांना शिकवला नव्हता —

मग शब्द नाहीत. घशातून नुसता आवाज. ओला. विळा फरशीवर पडल्याचा —

आता तोही नाही.

बारा

परत येतायत. कडी वाजली. पलंग लावलाय दाराला, पाठीनं धरून लिहितेय. त्यांच्या हातात पहार आहे, दाराची फळी फुटतेय —

ज्याला ही वही सापडेल. अविनाश पेवात आहे. गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीजवळ. जिवंत आहे. खालून ठोकतोय, मला ऐकू येतंय. आधी दगड काढा. माझं राहू द्या, आधी दग