तेवीस चाव्यांची वेबसाइट

४ जानेवारी, सकाळी १०.१५
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी आधीच सुरू करायला हवी होती, म्हणजे मोठं होतानाचा काळही नोंदला गेला असता.

परिस्थिती अशी. सासऱ्यांचं कुलूप-चावीचं दुकान, बारा बाय आठ. पंधरा मार्चला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. त्यानंतर ते दुकानात बसणार नाहीत. दुकान कोणाच्या हाती द्यायचं ते त्याआधी ठरवणार. उमेदवार दोन. एक मी, एकुलता एक जावई. दुसरी मेहुणी, जी कॉलेजपासून तिथे चाव्या कापतेय. तिच्याकडे हात आहे, माझ्याकडे व्हिजन आहे. सात वर्षं वॉटर प्युरिफायर विकलेत. कंपनी बंद पडली त्यात माझा दोष नव्हता.

संकल्प: दुकानाची वेबसाइट, ब्लॉगसकट. मार्चपर्यंत रोज शंभर व्हिजिटर.

६ जानेवारी
आधी चावी कापायला शिका, असं बायकोने सुचवलं. सुचवलं म्हणजे तीनदा म्हणाली. मशीनवर बसलो. चावी दिसायला उत्तम झाली. कुलपात गेलीसुद्धा. फिरली मात्र नाही. मेहुणी म्हणाली, भावोजी, एक खाच उथळ राहिली. तिने कानस दोनदा फिरवली आणि कुलूप उघडलं. मालकाने बारीकसारीक कामात अडकू नये हे आजच कळलं, बरं झालं.

९ जानेवारी
दुकानाच्या पद्धती जुनाट. आलेल्या प्रत्येक चावीला पत्र्याचा बिल्ला, त्यावर फक्त नंबर. नाव-पत्ता वेगळ्या वहीत. वही सासऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप. चावीवरच नाव लिहिलं तर सोपं नाही का होणार, असं विचारलं. सासरे चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, जावईबापू, चाळीस वर्षांत कधी लिहिलं नाही. मी मनात म्हटलं, हे काय कारण झालं?

ऑनलाइन स्पष्ट लिहिलंय: ग्राहकाला नंबर समजू नका, माणूस समजा.

१३ जानेवारी, दुपारी
चार दिवस रंगात गेले. आधी निळा घेतला, विश्वासाचा म्हणतात. मग बघितलं तर सगळ्यांच्याच साइट निळ्या. इतका विश्वास बरा नव्हे. हिरवा केला.

‘ग्राहकाला त्वरित प्रतिसाद द्या’ हा परिच्छेद लिहीत असताना एक बाई लॅच घेऊन आल्या. पाच मिनिटं थांबा म्हटलं. वीस मिनिटांनी वर बघितलं तर नव्हत्या. परिच्छेद झकास झाला.

२२ जानेवारी
साइट सुरू! पहिल्याच दिवशी अकरा व्हिजिटर. त्यातले फोनवरून सहा वेळा मी, लॅपटॉपवरून चार वेळा मी. पण एक अनोळखी! बायकोला आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, माझं बोट चुकून लागलं.

३० जानेवारी
ब्लॉगचे तीन लेख झाले. ‘कुलूप: एक चिंतन’, ‘चावी आणि आपण’, ‘उघडण्याआधी’. वाचक शून्य. मेहुणीने जाता जाता सांगितलं होतं की अडकणाऱ्या कुलपात खोबरेल घालू नका, पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. जागा भरायला तेवढं चार ओळींत टाकलं. नऊ जणांनी वाचलं. एकाने आभार मानले. वाचकांची पातळी बघून वाईट वाटलं. काढून टाकलं.

२ फेब्रुवारी, सकाळी
सापडलं! छोट्या धंद्यांसाठीच्या टिप्समधली चौथी: उसने फोटो वापरू नका. खरी माणसं दाखवा, खरं काम दाखवा, तपशील द्या. तपशिलाने विश्वास वाढतो.

नवं पान: ‘आमचे ग्राहक, आमचा अभिमान’. माणसाचा हसरा फोटो, शेजारी त्याच्या चावीचा.

सासऱ्यांना सांगितलं. त्यांना स्क्रीनवरचं काही दिसत नाही. म्हणाले, मला त्यातलं कळत नाही, पण तुम्ही जबाबदारीने कराल. हे वाक्य लिहून ठेवतोय. मेहुणी एका शाळेच्या बावीस दारांना कुलपं बसवायला गेलीय, महिनाभर तिकडेच असेल. काउंटर माझ्या ताब्यात.

११ फेब्रुवारी
लोक उत्साही आहेत. सोनार केस विंचरून आले. दाताच्या डॉक्टरीणबाई स्वतः हसल्या. औषधवाले म्हणाले, चावी जरा वर धरू का?

चावीचे फोटो हलत होते. आता पांढऱ्या कागदावर सपाट ठेवून काढतो. दोन्ही बाजूंनी. खाली फूटपट्टी. एकदम प्रोफेशनल दिसतं. झूम केलं की खाच अन् खाच मोजता येते.

१९ फेब्रुवारी
नुसतं नाव कोरडं वाटत होतं. पूर्ण पत्ता टाकला. चावी कोणत्या दाराची, तेही. लोक इंटरनेटवर सर्वांत जास्त काय शोधतात? दुकानाच्या वेळा. म्हणून प्रत्येकाच्या खाली बंद असण्याच्या वेळाही दिल्या. ‘सोनार: मागचं शटर. दुपारी एक ते चार बंद.’ दुसऱ्याच्या धंद्याचाही विचार करणारा माणूस आजकाल विरळा.

२८ फेब्रुवारी
तेवीस ग्राहक पूर्ण. रोजचे व्हिजिटर चाळीस! दुपारी बारा ते एक सर्वांत जास्त. काही जण एकाच फोटोवर दहा-दहा मिनिटं थांबतात. याला एंगेजमेंट म्हणतात. बायकोला म्हटलं, दुकान आपलंच समज. ती कुकर लावायला गेली.

३ मार्च, सकाळी ११
पुलापलीकडचा चावीवाला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आमची साइट बघून आला म्हणे! प्रतिस्पर्धीसुद्धा वाचतात हे यशाचं लक्षण. त्याने काउंटरवर एक चावी ठेवली आणि ती सोनाराच्या मागच्या शटरला लावून बघायला सांगितलं. काल घरी बसून फोटोवरून कापली म्हणाला. मी त्याला चहा विचारला. त्याने नको म्हटलं.

मेहुणी शाळेचं काम संपवून आजच परतली होती. चावी घेऊन गेली. दहा मिनिटांत परत आली. उघडलं म्हणाली.

माझ्या फोटोंचा दर्जा सिद्ध झाला, असं मी म्हणालो. कोणीच हसलं नाही. पुलापलीकडचा सासऱ्यांना म्हणाला, मी सांगायला आलो, सगळेच येणार नाहीत. सासरे स्टुलावर बसले. किती आहेत, विचारलं. मी म्हटलं, तेवीस. मग त्यांनी पान काढून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, निदान आठवडाभर तरी ट्रेंड बघूया. मेहुणीने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला.

५ मार्च
दुकानात एवढी गर्दी मी कधीच पाहिली नव्हती. पायरीपर्यंत लोक. वेबसाइटमुळेच आले, हे तर उघड आहे. सूर जरा चढा होता. डॉक्टरीणबाई आज हसल्या नाहीत.

ठरलं असं की सगळ्यांची कुलपं दुकानातर्फे बदलून द्यायची. मी मदतीला उभा राहिलो. मेहुणी म्हणाली, भावोजी, तुम्ही फक्त कशाला हात लावू नका.

९ मार्च
सासरे आणि मेहुणी दारोदार फिरताहेत. डॉक्टरने सासऱ्यांना डोळ्याला ताण नको म्हणून बजावलंय. ते डोळे मिटून, बोटांनी चाचपून लॅच बसवतात. मी पिशवी धरतो. औषधवाल्यांच्या दारात स्क्रू खाली पडला, तर सासरे गुडघ्यावर बसून जमिनीवर हात फिरवत राहिले. मला तो समोर दिसत होता. उचलून दिला. इतक्या दिवसांत माझ्याकडून झालेलं हे पहिलं उपयोगी काम असावं.

‘संकटातून संधी’ हा लेख सुचला होता. लिहिला नाही.

१४ मार्च
उद्या ऑपरेशन. मी भाषण तयार ठेवलं होतं, सात मुद्दे. सासऱ्यांनी जेवणं झाल्यावर दुकान मेहुणीच्या नावे करतोय, एवढंच सांगितलं. बायकोने मान डोलावली. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, मी पहिला मुद्दा काढला असता. ते हळू म्हणाले, जावईबापू, सोनाराने कुलूप बदललं, पण पुलापलीकडच्याकडून. सोनाराच्या वडिलांपासून ते लोक आपल्याकडे यायचे.

मग त्यांनी मला त्यांच्या ताटाशेजारची डोळ्यांच्या थेंबांची बाटली द्यायला सांगितली. मी दिली.

१८ मार्च, सकाळी ११.३०
ऑपरेशन नीट झालं. मेहुणी म्हणाली, दुकानात काम देते, पण आधी तेवीसही जणांना स्वतः जाऊन भेटा आणि माफी मागा. फोन घरी ठेवून.

सुरुवात सोनारापासून केली, म्हणजे अवघड ते आधी. मी जे बोलायचं ते बोललो, नीट बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी विचारलं. त्यांचा चाव्यांचा जुडगा काउंटरवर होता. मी आत शिरलो तसा त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला. मी बोलत होतो तोवर तो तसाच होता. रस्त्यावर येऊन काचेतून मागे बघितलं, तेव्हा कुठे त्यांनी हात उचलला.

फार वाईट वाटलं. अजून बावीस जण राहिलेत.