हिस्सेदार

प्रिय निशा,

तुझी आई, माझी आत्या, तुझ्याकडे कळंबोलीला सुखरूप पोचली हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण विचुंब्याच्या पाळणाघराची किल्लीही तिच्या कमरेला तिथेच आहे. उद्या अकरा वाजता आपल्याला पैसे देणाऱ्या मुंबईच्या ट्रस्टची माणसं पाहणीला येणार. कुलूप दिसलं तर आल्या पावली परत जातील, आणि जूनपासून आपलं पाळणाघर बंद. आज बावीस मुलं मी उन्हात ओट्यावर सांभाळली.

झालं कसं ते नीट सांगते. ट्रस्टने संस्थेचा पाच वर्षांचा आराखडा मागितला होता. फॉर्मातले प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत चालणार होती, आणि आपल्या महिला मंडळात वासरात लंगडी गाय शहाणी म्हणजे मी. 'व्हिजन' म्हटल्यावर आशालताला वाटलं, डोळे तपासायचं शिबिर! मग मी समजावलं: गावातलं एकही लेकरू बाहेरून कडी लावून घरात एकटं ठेवायची वेळ येऊ नये, हे आपलं व्हिजन. त्यासाठी रोज सात ते सात मुलं सांभाळतो, ते मिशन. आणि येत्या मार्चपर्यंत बावीसची चाळीस मुलं करू, असा तारीख घालून दिलेला शब्द म्हणजे उद्दिष्ट. तुझी आई खूश होऊन मान डोलवत होती गं.

घोडं अडलं 'स्टेकहोल्डर'पाशी. स्टेक म्हणजे हिस्सा, एवढं मला येत होतं. म्हणून मी लिहिलं 'हिस्सेदार' आणि खाली मुलांच्या सगळ्या आयांची नावं. म्हणायचं होतं, या कामाशी ज्यांचं बरंवाईट जोडलेलं आहे ती माणसं. पण आपल्याकडे हिस्सेदार असतो तो सातबाऱ्यावर. मी सभेत वाचून दाखवलं तशी आत्या ताडकन उठली. पाळणाघर भरतं त्या, तुझ्या बाबांनी मागे ठेवलेल्या दोन खोल्या, तेवढ्याच तिच्या. म्हणाली, "माज्या खोल्यांना येवढ्या हिस्सेदार? यक डाव सही केली, आता नाय करायची." आणि कुलूप घातलं.

बायका म्हणाल्या, म्हातारी राईचा पर्वत करते. मी नंतर तो शब्द खोडून 'संबंधित' लिहिला, तिला फोनवर वाचूनही दाखवला. तिने एवढंच विचारलं, तू वाचतेस तेच तिथे लिहिलंय कशावरून? आणि फोन ठेवला. तेव्हाच हे पत्र लिहायला बसले.

कारण ती एक सही मला माहीत आहे. शिरढोणच्या आजोबांच्या जमिनीचा कागद. सह्यांच्या आदल्या दिवशी आत्याने तो विश्वासाने माझ्याकडे दिला, वाच म्हणाली. मी एकोणीस वर्षांची होते. वर ठळक अक्षरांत 'हक्कसोडपत्र' होतं. दारात माझे बाबा, तिचे सख्खे भाऊ, उभे होते. मी तो शब्द गाळला आणि म्हटलं, वारसांची नोंद करायचा कागद आहे. तिने सही केली, वर माझ्या हातावर लाडू ठेवला. तिचा हिस्सा तिथेच गेला. भावांनी फसवलं एवढंच तिला ठाऊक आहे. मी वाचलं होतं, हे तिने कधी तोंडातून काढलं नाही.

हे पत्र तुमच्या वॉचमनकडे देते आहे. किल्ली नाही दिलीस तरी चालेल असं म्हणायला हवं, पण नाही चालणार गं, उद्या बावीस मुलं दाराशी असतील. मी खाली फाटकाशी उभी आहे. वर यायचं तोंड नाही. तू हे आईला मोठ्याने वाचून दाखव. माझी कीव येईल, तिची येईल, तरी एकही शब्द गाळू नकोस.

तुझीच,
रंजिता