नाव माझं, भांडी तिची

मी धर्माजी राघो सोनावळे, वय बहात्तर, राहणार पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, धंदा भांड्यांवर नावं घालणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, अक्षर कापत नाही. खात्री करायची असेल त्याने हीच ओळ पुन्हा बघावी. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी पाजलेली नाही. खालापूरच्या वकील विनिताबाई म्हणाल्या, "काका, मी टाइप करून देते." मी म्हणालो, पन्नास वर्षं दुसऱ्यांची नावं या हाताने घातली, मग माझं शेवटचं लिखाण दुसऱ्याच्या हातून कशाला? त्यांनी फक्त कायद्याचे शब्द तपासले. मधली बडबड माझी आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर तो खोटं बोलतो आहे.

कलम पहिलं, घर. पोशीरचं दोन खोल्यांचं घर व मागचं परसदार माझा मुलगा रत्नदीप व मुलगी पौर्णिमा यांना निम्मं निम्मं. रत्नदीप नेरळला नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्टने वरखाली करतो. त्याच्या मते हे घर विकून मोकळं व्हावं. विकायचं तर पौर्णिमेची सही लागेल, आणि ती सही करणार नाही. मी तिला जन्मापासून ओळखतो. भांडण माझ्या मागे करा, माझ्यासमोर पुष्कळ झालं.

कलम दुसरं, जेवण. माझ्या बचत खात्यातून आधी पुण्यानुमोदनाच्या दिवशीचा खर्च करावा, उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं. केटरर बोलावायचा नाही. पनीर तर माझ्या फोटोसमोरही आणू नये. कडव्या वालांचं बिरडं, मऊ भात आणि कच्चा कांदा, एवढंच. वाल दोन दिवस आधी भिजत घालावेत, फडक्यात बांधून मोड आणावेत, आणि सोलायला रत्नदीपने बसावं. आईच्या हातचं बिरडं तो ताट चाटून खायचा, पण एक वाल कधी सोलला असेल तर शपथ. त्याला कळू दे एका वाटीमागे किती बोटं दुखतात.

कलम तिसरं, घरातली भांडी. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने बसून घ्यावं.

कर्जतच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर मी जन्म काढला. सुरुवातीला खिळा आणि हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घालायचो, पुढे विजेचं मशीन आलं. लग्नसराई आणि दिवाळी हे माझे दोन हंगाम. आम्ही बौद्ध, घरात लक्ष्मीपूजन नाही, पण माझी चूल धनत्रयोदशीच्या जिवावर पेटली हे कबूल करतो. त्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी भांडं घरी न्यायचं असतं. ज्याला हंडा परवडत नाही तो तांब्या नेतो, ज्याला तांब्या परवडत नाही तो वाटी, आणि अगदीच हात आखडलेल्या बाया एक पळी नेतात. पळीवरसुद्धा नाव घालून नेतात. कुणाला भाऊबीजेला बहिणीला द्यायचं असतं, कुणाला लेकीच्या नव्या घरी. चहाची साधी गाळणी दहा वेळा उजेडात धरून बघणारी बाई मी बघितली आहे. तिच्या चेहऱ्यावर जे पसरायचं ते बघून माझा हात थांबायचा. एवढ्याशा जाळीत हिला अख्खं घर दिसतं तरी कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता नाव कोणाचं घालायचं? पुरुषाचं, ही रीत. साठवणार ती, निवडणार ती, घासणार ती, नाव मात्र त्याचं. मी न बघताच विचारायचो, "मालकांचं नाव?" ती लाजत सांगायची, मी घालायचो.

माझी पत्नी ठकूबाई गेल्या पावसाळ्यात गेली. दिवाळी आली तशी मी तिची भांडी फळीवरून खाली घेतली. तिने दरसाल एकेक करून जमवलेली, आणि प्रत्येकाच्या कडेला माझंच नाव, माझ्याच हातचं. घासायला म्हणून एक डबा उपडा केला तर बुडाला खिळ्याने ओरखडलेला एक वाकडातिकडा "ठ". दुसरा उपडा केला, त्यावर "ठ". परातीवर, टोपावर, वाट्यांवर, अगदी मोदकपात्राच्या चाळणीवरसुद्धा. पौर्णिमा म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं? घासून घासून पुसलं की आई दर दिवाळीला परत काढायची. तेवढं एकच अक्षर मी तिला शिकवलं होतं. खिळा तुमचाच घेतलेला तिने."

तो खिळा हरवला तेव्हा रत्नदीपनेच घेतला असं समजून मी त्याला कानफटात मारली होती. रत्नदीप, ती थप्पड मी परत घेतो.

पुढे दोन तास मी भांडी उपडी करत बसलो होतो. नावांच्या धंद्यात जन्म गेला आणि माझ्याच घरातलं एक अक्षर मला दिसलं नाही. बाई चाळीस वर्षं बुडाला नाव घालते आणि तोंडाने एक शब्द काढत नाही! अशी माणसं असतात, अशा माणसाशेजारी आपण जेवतो, झोपतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. मी थक्क झालो, अजून आहे.

सबब मी जाहीर करतो की माझं नाव असलेल्या भांड्यांपैकी एकही माझं नाही. ती सर्व कालकथित ठकूबाई हिची होती. ती पौर्णिमेला मिळावीत असं ती म्हणत असे. मी ती देत नाही, मला तो अधिकारच नाही. मी फक्त तिचं म्हणणं लिहून ठेवतो.

कलम चौथं. हे लिहायला मला एकोणीस वर्षं लागली.

२००६ सालच्या धनत्रयोदशीला पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतली मंगळी दुकानात आली. पावसाळाभर रानभाजी विकून आणि मग गवत कापून साठवलेल्या पैशातून तिने एक टोप, एक परात आणि चार वाट्या घेतल्या. माझ्यापुढे मांडून म्हणाली, "नाव टाक दादा. मंगळी."

"मालकाचं सांग," मी म्हणालो.

"मालक कशाला? पैसं माझं हायत. माझंच टाक."

मागे रांग लागलेली. मी विचारलं, "कुठली मंगळी तू?" ती म्हणाली, "चांगो शिंगव्याची." झालं, मला हवं ते मिळालं. मी मान डोलावली आणि सहाही भांड्यांवर झोकात घातलं, चांगो शिंगवा. म्हटलं, वाडीत उगाच हसं होईल हिचं, रीतीप्रमाणे असलेलं बरं, आणि हिला कुठे वाचता येतंय! मी उपकारच करत होतो म्हणा ना. तिने एकेका भांड्यावरून बोट फिरवलं. "हे मी व्हय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती इतकी हसली की दुकानाच्या शेठनेही वर बघितलं.

दोन वर्षांनी चांगोने खालापूरकडे दुसरा संसार मांडला आणि ही भांडी उचलून नेऊ लागला. मंगळीने वाडीतली जाणती माणसं बसवली. "माझी हायत. नाव वाचा," असं तिनेच सांगितलं. शाळेत जाणाऱ्या एका पोरीने वाचलं, सहा वेळा, चांगो शिंगवा. भांडी चांगोला मिळाली आणि मंगळी आपल्याच माणसांत खोटी ठरली.

ती माझ्याकडे आली. ओरडली नाही. "दादा, काय लिवलंस तू?" गिऱ्हाईक होतं, शेठ ऐकत होता, आणि धर्माजीच्या हातून चूक होत नाही अशी माझी बाजारात ख्याती. मी म्हणालो, "तू सांगितलंस तेच." हे खोटं होतं. पहिली चूक रीतीवर ढकलता येईल, ही येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा ठकूबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हाताला धरून पळसदरीला घेऊन गेली. "तिचं पाय धरा," म्हणाली. वर्षअखेरीचे सुट्टीचे दिवस, धरणावर मुंबईची पाहुणेमंडळी. मंगळीच्या घरात धातूचं एक भांडं नव्हतं. अंगणात ती पोपटी लावत होती. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, रताळी, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. पाणी नाही, तेल नाही. वास सुटला तशी धरणावरची माणसं आपोआप वळून आली.

तिने पळसाच्या पानांवर वाढलं, सगळ्यांत आधी आम्हा दोघांना. "खा दादा, निवंल."

मी एक शेंग सोलून तोंडात टाकली, मग दुसरी, मग तिसरी. जिचं भांडंकुंडं माझ्या अक्षरामुळे गेलं ती एका मडक्यावर वीस माणसं जेवू घालत होती, आणि पहिला घास मला देत होती. एवढं चवीचं मी आजवर खाल्लेलं नाही. माफी मागायला गेलेला माणूस पोटभर जेवून परत आला. वाटेत ठकूबाई म्हणाली, "अवो, तोंड काय नुसतं खायलाच दिलंय?"

पुढच्या दिवाळीपासून मंगळी दर धनत्रयोदशीला येते. धरणावरच्या पाहुण्यांना पोपटी विकून झालेल्या कमाईतून वाडीतल्या लग्न ठरलेल्या पोरीसाठी एक वस्तू घेते, झारा, किटली, कधी नुसता मोठा चमचा. स्वतःसाठी काही नाही. पोरीचं नाव सांगते, फक्त पोरीचं, आणि माझ्या डोक्यावर उभी राहते. नातीकडून ती वाचायला शिकली. अक्षर न् अक्षर बोटाने तपासते आणि म्हणते, "बरं हाय." जुनं कधी काढत नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण ती बाई सोळा वर्षं माझ्याकडून नीट नावं घालून घेते आहे, आणि दरवेळी मला वाटतं की आपण कोणापुढे बसलो आहोत!

सबब मी शपथेवर लिहितो की वरील टोप, परात व चार वाट्या मंगळीच्या आहेत. त्यावरचं नाव मी जाणूनबुजून चुकीचं घातलं आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो. माझ्या मृत्यूनंतर हे कलम ठाकूरवाडीत सर्वांसमक्ष वाचून दाखवावं.

कलम पाचवं. माझं नावं घालायचं मशीन व दुकानाबाहेरची माझी बैठक मंगळीला द्यावी.

वरचं पाचवं कलम आणि चौथ्या कलमातलं शेवटचं वाक्य आज मी खोडलं आहे. खाडाखोडीपाशी माझी सही आहे. कारण लिहितो.

आज धनत्रयोदशी. सकाळी मंगळी नेहमीप्रमाणे आली. मी तिच्या हातात हे कागद दिले. रांग खोळंबली, पण तिने चौथं आणि पाचवं कलम बोट ठेवून, हळूहळू, मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"मेल्यावर वाचणार? मंजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू व्हय रं? जित्यापणी लिवलंस, जित्यापणी वाच. आज चल."

"आणि मशीन?" मी विचारलं.

"मला नको तुझं काय. माझं मला दे."

विनिताबाई कागद तपासायला आल्याच होत्या. त्यांनी सांगितलं, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे लोक खुसपट काढतात. "मला कायच मिळत नाय," मंगळी म्हणाली, "मंग मीच साक्षीदार."

दुपारी मी वाडीत उभा राहून चौथं कलम वाचलं. तेव्हा निवाडा देणाऱ्यांपैकी दशरथबाबा आता नव्वदीचे आहेत. त्यांनी विचारलं, "हे खरं हाय?" मी म्हणालो, खरं आहे, मी खोटं बोललो होतो. बाबा काठी टेकत उठले आणि मंगळीपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं गं पोरी आमचं." मंगळी रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही. वाडीतले दोघे जण चांगोकडून भांडी आणायला खालापूरला निघाले आहेत. हे लिहीपर्यंत परतलेले नाहीत.

आता मशीन पौर्णिमेला. अट एकच, समोर बसलेल्या बाईला विचारून, ती सांगेल तेच नाव घालावं.

हे मृत्युपत्र मी सर्वांसमक्ष वाचून, समजून, स्वखुशीने सही करून दिलं आहे.

ठिकाण: ठाकूरवाडी, पळसदरी, तालुका कर्जत
दिनांक: १८ ऑक्टोबर २०२५

सही: धर्माजी राघो सोनावळे

साक्षीदार
एक: सुनील दशरथ उघडा, राहणार ठाकूरवाडी.
दोन: मंगळी. विनिताबाईंनी पूर्ण नाव लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "पुरं हेच हाय."