निकाल लागेपर्यंतचं मत

४ एप्रिल

निवडून आले! विद्यापीठाच्या नियामक मंडळावर विद्यार्थ्यांची एकच जागा, आणि ती माझी. आई म्हणाली, तिथे तरी जरा कमी बोल.

११ एप्रिल

पहिली बैठक. खुर्च्या इतक्या मऊ की विरोध करायला उठणंच अवघड. गंमत म्हणजे मतदानाला हात वर करण्याआधी सगळे एकमेकांकडे बघतात. मी हात सोडून डोळेच बघत बसले — कोण कोणाकडे बघतं ते! एकटे ग्रंथपाल खिडकीबाहेर बघतात. का, ते विचारायला हवं.

कुलसचिवांना विचारलं, माझी मुदत किती? तर म्हणे अंतिम निकाल लागेपर्यंत. निकाल लागला की मी विद्यार्थी नाही आणि सदस्यही नाही. म्हटलं, मग घाई नाही, आपल्या निकालांपेक्षा गोगलगाय बरी. ते हसले नाहीत.

२ मे

परीक्षा संपली. पुढच्या बैठकीचा विषय कळला — संध्याकाळचे वर्ग बंद करणे. आई दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर काढते आणि संध्याकाळी त्याच वर्गांत जाऊन बसते. शेवटचं वर्ष राहिलंय तिचं. तिला सांगायचा धीर होत नाही.

९ मे

ग्रंथपालांना गाठलं. खिडकीबाहेर का बघता? म्हणाले, आत बघितलं की भीड पडते.

ते आपल्या बाजूने आहेत. दोघांनी मिळून बेरीज केली: माझ्यासकट सात जणांना वर्ग हवेत, सहांना नकोत. मी नसले तर सहा-सहा, आणि बरोबरी झाली की कुलगुरूंचं मत. ते कुठे पडेल हे शेंबडं पोरही सांगेल.

१७ मे

माझा निकाल लागला! पहिला वर्ग, अगदी काठावर. आईने कामावरच्या सगळ्या मैत्रिणींना फोन केले. मीही नाचले. आणि जेवताना डोक्यात उजेड पडला — बैठक मंगळवारी, आणि मी आता सदस्यच नाही! जे परीक्षा खातं चार-चार महिने ढिम्म हलत नाही, ते एकाएकी धावायला कसं लागलं? असा संताप आला!

आईला सगळं सांगून टाकलं. "तू पास झालीस ना? मला तेवढं पुरे," म्हणाली, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

१८ मे

नियमावली वाचून काढली. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज पडून असेपर्यंत निकाल अंतिम धरत नाहीत! अट एकच: नवे गुण कमी आले तरी तेच कायम.

कुलसचिवांनी अर्ज दोनदा वाचला. "काठावरचा पहिला वर्ग आहे. विचार केलात?"

केला, म्हटलं. आईजवळ काही बोलले नाही.

२१ मे

सात विरुद्ध सहा!

१२ जुलै

पाच गुण घटले. पहिला वर्ग गेला. आईला सांगायचंय — ती अजून वर्गातून आलेली नाही.